मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू: गेममध्ये पाहुणी येणारी पात्रं

भाऊबिजेला मी कोथरूडला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढे आलं आणि सातवीतला भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन टेकला. "मामा, आईला ओवाळणी दिलीस, मला काय?" त्याला एक पोशाख हवा होता. तो घालणार होता त्याच्या गेममधला माणूस. स्क्रीनवर एका जपानी कार्टून मालिकेतला नायक स्वतःभोवती सावकाश फिरत होता. पाठीवर घोट्यापर्यंत लोळणारी केप, आणि खाली उलटं चालणारं घड्याळ: ५ दिवस ११ तास.

"हा याच गेममधला आहे का?"

"नाही रे मामा, तो दुसरीकडचा आहे. इथे आलाय. कोलॅब आहे."

गेमचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात मीच बावळट ठरलो. पोशाख सरळ विकत मिळत नव्हता, 'पेटी' उघडायची होती. पहिल्या पेटीत एक पॅराशूट आणि बुटांचा जोड निघाला. बहिणीची नजर चुकवून दुसऱ्यांदा यूपीआयचा पिन दाबला, तेव्हा कुठे केपवाले साहेब आले. घरी परतताना डोक्यात एकच प्रश्न होता. एका कंपनीचं पात्र दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये बंदूक घेऊन पळतं, तेव्हा ते नेमकं असतं कुणाचं?

पुणेकराला हे समजायला फार वेळ लागू नये. आपण वाड्यांच्या गावात वाढलोय. वाडा मालकाचा, खोल्या भाडेकरूच्या, आणि भाडेकरूने मागच्या खोलीत ठेवलेला पोटभाडेकरू वेगळाच. गेममधल्या पाहुण्यांचा सगळा कारभार याच नात्यांवर चालतो. पात्र ज्याने निर्माण केलं तो मालक. गेमची कंपनी ठरावीक मुदतीचा करार करून ते पात्र वापरायला घेते, म्हणजे ती भाडेकरू. आणि भाचा, किंवा पिन दाबणारा मी? आम्ही पोटभाडेकरू. आमचा करार मूळ मालकाशी नाहीच. भाडेकरूला घर सोडावं लागलं की आमचं काय करायचं, हे ते दोघं आपसात ठरवतात.

यात एक गंमत म्हणजे व्हिडिओ गेमच्या जगातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस भाड्याची खोली मिळाली नाही म्हणूनच जन्माला आला. १९८१ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोंना पॉपाय द सेलरवर गेम करायचा होता. पॉपाय, त्याची ऑलिव्ह आणि दांडगट ब्लूटो असा त्रिकोण डोक्यात तयार होता, पण परवाना मिळाला नाही. मग ब्लूटोच्या जागी गोरिला आला, ऑलिव्हच्या जागी दुसरी बाई आणि पॉपायच्या जागी टोपीवाला, मिशीवाला एक बुटका सुतार. गेमचं नाव डाँकी काँग. तो सुतार म्हणजे पुढचा मारिओ. पॉपायचा परवाना निन्टेन्डोला पुढे मिळाला आणि १९८२ साली तो गेमही निघाला. आज पॉपायचा गेम किती जणांना आठवतो? स्वतःचं घर बांधलेल्या मारिओचं मात्र पुढे काय झालं ते सांगायला नको.

पाहुणे म्हणून येण्याचेही प्रकार आहेत, आणि ते एकात एक कालवले की गोंधळ होतो. सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे नुसतं दर्शन. १९८७ साली निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्रावर आलेल्या बॉक्सिंगच्या गेममध्ये मारिओ रेफरी होता. मालक तोच आणि वाडाही तोच, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'पाहुणा कलाकार' अशी पाटी येते ना, तसं.

दुसरा प्रकार खराखुरा पाहुणा. त्याला स्वतःची लढायची पद्धत असते, आवाज असतो, डावपेच असतात. कॅपकॉमने १९९४ साली मार्व्हलच्या परवान्यावर एक्स-मेनचा मारामारीचा गेम काढला आणि त्यात आपल्या स्ट्रीट फायटरमधला अकुमा गुपचूप लपवून ठेवला. भाड्याच्या घरात आपलाच चुलतभाऊ आणून ठेवावा तसं झालं. दोन वर्षांनी या दोन घराण्यांची उघडउघड जुंपली आणि एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर आला. मग २००३ साली सोलकॅलिबरचा दुसरा भाग घरगुती यंत्रांवर आला तेव्हा नाम्कोने आणखी धूर्त खेळी केली. गेम एकच, पण निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर घ्याल तर त्यात झेल्डाचा लिंक, प्लेस्टेशनवर नाम्कोच्याच टेकनचा हेइहाची आणि एक्सबॉक्सवर कॉमिक्समधला स्पॉन. तिघांपैकी हेइहाची घरचा, बाकीचे दोघे परके. पाहुणा पाहून कोणतं यंत्र घ्यायचं ते लोकांनी ठरवावं, असा तो डाव होता.

लिंक तिथे आला तो आपला धनुष्यबाण, बूमरँग आणि बॉम्ब घेऊन, आणि ही गोष्ट सोपी नाही. तलवारबाजीच्या गेममध्ये लांबून बाण मारणारा माणूस सोडला की सगळा तोल बिघडू शकतो. बाणाला वेळ किती लागावा, मार किती बसावा, समोरच्याला चुकवता यावा की नाही, हे महिनोन् महिने चाचपून पाहावं लागतं. म्हणून असा पाहुणा महाग पडतो आणि गेमला असे एखाददुसरेच परवडतात. निन्टेन्डोच्या सुपर स्मॅश ब्रदर्सने मात्र पाहुण्यांचाच मांडव घातला. ब्रॉल या त्याच्या २००८ च्या भागात सेगाचा सॉनिक आला. नव्वदीत मारिओ आणि सॉनिक हे हाडवैरी होते. चितळ्यांच्या आणि काका हलवाईंच्या मिठाया एकाच खोक्यात निघाव्यात, असा तो प्रकार. सेगाने २००१ मध्ये स्वतःची यंत्रं बनवणं थांबवलं होतं, म्हणून भांडायला काही उरलं नव्हतं. त्याच गेममध्ये कोनामीचा सॉलिड स्नेक आला. हा मूळचा गुप्त सैनिक, पण इथे त्याच्या हातात ना पिस्तूल, ना सुरी. हातबॉम्ब, सुरुंग आणि क्षेपणास्त्रं मात्र भरपूर. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर तिथले नियम पाळावे लागतात ते असे.

२०१८ च्या स्मॅश अल्टिमेटमध्ये आकडा ८९ लढवय्यांवर पोचला. शेवटचा आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, किंगडम हार्ट्सचा सोरा. हा पोरगा स्क्वेअर एनिक्सच्या गेममधला, पण त्यावर हक्क डिस्नीचा. मूळ गेममध्ये तो डोनाल्ड आणि गूफीबरोबर फिरतो. इथे दोघंही लढायला आले नाहीत आणि मिकीही नाही. सोराच्या हातातल्या किल्लीच्या टोकाला जो छल्ला लटकतो, त्यात मिकीच्या डोक्याची आकृती तेवढी आली. परवान्याचा कागद किती बारीक अक्षरात लिहिला जातो, ते बघायचं असेल तर त्या छल्ल्याकडे बघावं.

आता तिसरा प्रकार. भाच्याला हवा होता तो हाच: स्किन, म्हणजे पोशाख. हल्ली धंदा सगळा इथे आहे आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. जरा थांबून बघू.

गेममधला माणूस आतून हाडांचा सांगाडा असतो. खरी हाडं नव्हेत, नुसते जोडलेले सांधे: खांदा, कोपर, मनगट, गुडघा. पळणं, वाकणं, बंदूक रोखणं या सगळ्या हालचाली त्या सांगाड्याला शिकवलेल्या असतात. त्याच्यावर छोट्या छोट्या त्रिकोणांनी विणलेलं कातडं ओढायचं आणि त्यावर रंगाचं चित्र चिकटवायचं. कोणत्या सांध्याबरोबर कातड्याचा कोणता भाग किती हलावा, ते आकड्यांत ठरवून द्यायचं. कळसूत्री बाहुलीचे दोरे तेच ठेवून कपडे बदलले, तर बाहुली तशीच नाचते. स्किन म्हणजे हेच. सांगाडा तोच, पळणं तेच, वरचं कातडं तेवढं बदललं. लिंकसारखा पाहुणा बसवायला जेवढं काम, त्याच्या मानाने हे किरकोळ. म्हणून एकेका हंगामात डझनभर पाहुणे आणता येतात.

यात एक मेख आहे. मार लागला की नाही हे गेम कातड्यावरून ठरवत नाही. माणसाभोवती अदृश्य खोकी कल्पलेली असतात, त्यांना हिटबॉक्स म्हणतात. गोळी खोक्याला लागली तर लागली. फोर्टनाइट या गोळीबाराच्या गेममध्ये पोशाख कोणताही असो, हे खोकं सारखंच ठेवलंय. नाहीतर लोक पैसे देऊन बारीक अंगाचं पात्र घेतील आणि गोळ्यांतून निसटत राहतील. मग जाडजूड पात्राचं काय करायचं? याचं उत्तर थॅनोसने दोनदा दिलं. मे २०१८ मध्ये मार्व्हलचा हा खलनायक फोर्टनाइटमध्ये आला तो खराखुरा पाहुणा म्हणून. मैदानात एक हातमोजा पडायचा, ज्याला सापडेल तो थॅनोस व्हायचा आणि इतरांपेक्षा धिप्पाड, ताकदवान व्हायचा. पण मुदत थोडी, आणि विकत घ्यायची सोय नाही. २०२१ मध्ये तो दुकानात पोशाख म्हणून आला आणि मुकाट्याने सगळ्यांच्याच खोक्यात बसला. ताकदही गेली. जगाचा निम्मा संहार करणारा माणूस झुडपामागे लपून बसलेला दिसायला लागला, ते यामुळे.

केप, लांब केस, झगे यांचा त्रास वेगळा. माणसाच्या सांगाड्यात त्यांची हाडं नसतात, म्हणून ती वाऱ्यावर कशी हलतील याचं गणित वेगळं चालवावं लागतं. स्वस्त फोनवर हे गणित झेपत नाही आणि केप पाठीतून आरपार घुसून छातीतून बाहेर येते. तुम्ही पाहिलं असेल.

आता पैशाकडे येऊ, कारण वाड्यातलं भांडण शेवटी तिथेच येतं. मालक भाडेकरूकडून दोन गोष्टी घेतो. एक, आधीच मोजून घेतलेली रक्कम, तिला मिनिमम गॅरंटी म्हणतात. दुसरी, विक्रीतला टक्का, म्हणजे रॉयल्टी. गॅरंटी ही पागडीसारखी वेगळी बुडत नाही, ती टक्क्यातून वळती होते. उदाहरणापुरतं समजा, गॅरंटी १ कोटी आणि टक्का १५. ॲपच्या दुकानाचा वाटा जाऊन ४ कोटींची विक्री झाली, तर टक्क्याने होतात ६० लाख. मालकाकडे कोटी आधीच पोचलाय, तो परत देत नाही. विक्री १० कोटी झाली तर टक्क्याने दीड कोटी, मग वरचे ५० लाख द्यायचे. म्हणजे पाहुणा आपटला तर फटका भाडेकरूला, आणि चालला तर फायदा दोघांना. एवढी जोखीम घेतल्यावर भाडेकरू ते उलटं घड्याळ लावणारच. मुदत खरीच असते. पण दरवेळी ती करारातलीच असते असं मात्र समजू नका. पुष्कळदा 'आज शेवटचा दिवस' ही लक्ष्मी रोडवरच्या सेलची पाटी असते. पुढच्या वर्षी तोच पोशाख परत टांगलेला दिसतो.

या पैशाचा आकार केवढा? फोर्टनाइटची मालक कंपनी एपिक आणि ॲपल यांचा खटला मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात चालला, तेव्हा कागदपत्रांतून बाहेर आलं की २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत फोर्टनाइटने ९०० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. गेम फुकट आहे, त्यामुळे हे पैसे मुख्यतः पोशाख, नाच आणि तत्सम सजावटीचे. त्याच खटल्यात फोर्टनाइटमधल्या पीली नावाच्या केळ्याचा फोटो न्यायालयात दाखवला गेला आणि त्याला सूट घातलेला होता. ॲपलच्या वकिलांनी कारणही दिलं: कोर्ट आहे, उघडं केळं दाखवण्यापेक्षा हे बरं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये, खेळणाऱ्यांकडून नकळत खरेदी करून घेणारी बटणं ठेवल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एपिकला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायला लावले.

मालक एकच असेल तर गोष्ट सोपी. सिनेमातलं पात्र आलं की एका खोलीवर तिघांचा दावा लागतो. पात्र स्टुडिओचं, चेहरा नटाचा आणि आवाजही नटाचा, पण त्याचा करार निराळा. मॉर्टल कॉम्बॅट ११ या मारामारीच्या गेममध्ये टर्मिनेटर आला, चेहरा हुबेहूब अर्नोल्ड श्वार्झनेगरचा, पण बोलणारा माणूस दुसराच. त्याच गेममधल्या रॅम्बोला मात्र स्टॅलोनने स्वतः आवाज दिला. आपल्याकडे फ्री फायर या मोबाईल गेमने २०२० साली हृतिक रोशनवरून बेतलेलं पात्र आणलं, त्याचं नाव ठेवलं जय. यात नटाचा चेहरा आहे, पण त्याच्या कुठल्या सिनेमातली भूमिका नाही. चेहरा त्याचा, तो देऊ शकतो. भूमिका निर्मात्याची, ती मागायला वेगळ्या दारात जावं लागतं. भारतात न्यायालयं हा चेहऱ्याचा हक्क हल्ली गांभीर्याने घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, छबी आणि आवाज परवानगीशिवाय वापरायला मनाई केली आणि त्यात त्यांचा 'झकास'ही धरला. आपण रोज चहा पिऊन झकास म्हणतो त्याला अर्थात हरकत नाही. त्यांच्या ढंगात, त्यांच्या नावावर धंदा करायचा नाही, एवढंच.

परवाना नसला की काय होतं, ते माझ्या पिढीने क्रिकेट ०७ या गेममध्ये पाहिलंय. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचे खेळाडू खऱ्या नावांनी खेळायचे आणि आपला संघ मोडतोड केलेल्या नावांनी. हॉस्टेलवर एक मित्र पहिलं काम म्हणून ती सगळी नावं बसून दुरुस्त करायचा, मगच नाणेफेक. आता या धंद्याची टोकं पुण्यातही आहेत. रिअल क्रिकेट बनवणारी नॉटिलस मोबाईल पुण्याची. सुपरगेमिंग पुण्याची, आणि तिने बंदाई नाम्कोच्या परवान्यावर मोबाईलवरचा पॅकमॅन चालवला, म्हणजे १९८० साली जपानात जन्मलेला पिवळा गोळा आपल्या गावात भाड्याने राहिला. पात्रंच कशाला, गाड्याही पाहुण्या येतात. जानेवारी २०२५ मध्ये बीजीएमआय या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमच्या मैदानात महिंद्राची बीई ६ पळायला लागली. तीच गाडी खरीखुरी बनते चाकणला. चाकणच्या चौकात अडकलेल्या माणसाने ती गेममध्ये तरी सुसाट चालवावी, यात मला गैर काही वाटत नाही.

मुदत संपली की काय? डेड बाय डेलाइट या भयपटांवरच्या गेममध्ये २०१९ साली स्ट्रेंजर थिंग्जची पात्रं आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये परवाना संपला. ज्यांनी आधी विकत घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली, नव्यांना विक्री बंद झाली, आणि त्या मालिकेतली प्रयोगशाळा, म्हणजे खेळायची जागा, सगळ्यांसाठीच कुलूपबंद झाली. २०२३ मध्ये करार पुन्हा झाला आणि पाहुणे परतले. पोटभाडेकरूच्या दृष्टीने हा भला मालक. मार्व्हल विरुद्ध कॅपकॉमचा दुसरा भाग २०१३ च्या अखेरीस ऑनलाइन दुकानांतून उतरला, तो परत चढायला २०२४ उजाडलं.

आणि मुस्तफा? शाळा सुटल्यावर पार्लरमध्ये नाणी टाकून जो आपण खेळलो, ज्याला कुणीच खऱ्या नावाने ओळखत नव्हतं, तो १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पिवळी टोपी घालून उड्या मारणाऱ्या मुस्तफासाठी रांग लागायची, आणि पार्लरवाला काका स्टुलावर उभा राहून खेळणाऱ्या बारक्यांना "बटण हळू" म्हणून ओरडायचा. तेव्हा आम्हाला काय ठाऊक की हा अख्खा गेमच भाड्याचा आहे. पात्रं एका अमेरिकन कॉमिक्समधली, आणि कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं, जिचा कारखाना पुढे आपल्या तळेगावला आला आणि बंदही झाला. २०१८ साली कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या गेमचा संच काढला. त्यात फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता. दोन्ही कॅपकॉमचे स्वतःचे. मुस्तफा नव्हता.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "आणि तो केपवाला काय म्हणतो?"

"तो काढला मामा. साध्या शर्टातच खेळतो आता. केप मध्ये येते, कोपऱ्यामागून कोण येतंय ते दिसत नाही."